अँबेसिडरला पाचवा गिअर: इंजिन शांत होतं, ब्रेक तेच राहतात

मागच्या भागात क्लचवर बोललो, तेव्हा एका श्रोत्यानं विचारलं होतं, "दादा, माझी मार्क टू अँबेसिडर समृद्धीवर नेली की 80 च्या पुढे इंजिन नुसतं ओरडते. पाचवा गिअर बसवता येईल का?" येतो. मी माझ्या गाडीला बसवलाय. पण काय मिळतं आणि काय मिळत नाही, ते आधी समजून घ्या.

जुन्या अँबेसिडरचा चौथा गिअर म्हणजे डायरेक्ट. इंजिनचा एक फेरा, प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा. आता सोपा हिशोब करू. टायरचा घेर धरा 2 मीटर, क्राउन-पिनियनचं प्रमाण धरा 4.5. ताशी 80 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 667 वेळा फिरतं, म्हणजे इंजिन 3000 वेळा. 100 ला गेलात की इंजिन 3750 वर. 1489 सीसीचं हे इंजिन लांब स्ट्रोकचं, क्रँकला मेन बेअरिंग तीनच. त्याला तासन् तास एवढं पळवणं बरं नाही, त्यात आपल्या नागपूरचा मे महिना!

ओव्हरड्राइव्ह म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला शाफ्टचा एकाहून जास्त फेरा. पाचव्या गिअरचं प्रमाण समजा 0.8 आहे, तर 100 च्या वेगाला इंजिन परत 3000 वर येतं. पूर्वी 80 ला जेवढा आवाज यायचा, तेवढाच. ताकद मात्र वाढत नाही. उलट चाकापर्यंत पोचणारा जोर कमी होतो.

आपल्याकडे याचा सरळ रस्ता हिंदुस्थान मोटर्सनंच दाखवला. 1990 च्या दशकात अँबेसिडर 1800 आयएसझेड आली, तिच्यात इसुझूचं 1817 सीसी इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स. भंगारात निघालेल्या अशा गाडीचा गिअरबॉक्स मिळतो. पण जुन्या इंजिनला तो तसाच लागत नाही. बोल्टांच्या जागा वेगळ्या, म्हणून मध्ये जाड प्लेट लेथवर करून घ्यावी लागते. क्रँकच्या टोकाचा बुश, गिअरबॉक्सच्या दांड्याच्या खाचांना बसणारी क्लच प्लेट, मागचा माउंटिंग, प्रोपेलरची लांबी, स्पीडोमीटरची केबल, सगळं जुळवायचं. स्टिअरिंगवरचा गिअर जातो, दांडा खाली येतो.

माझी चूक सांगतो. पहिली प्लेट घाईत करून घेतली. इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा मध्य केसभर सरकलेला होता. गाडी चालायची, पण क्लच सोडताना थरथर आणि थोड्याच दिवसांत बुशचा चुरा. दुसऱ्या वेळी डायल गेज लावून मध्य तपासला, प्रोपेलर बॅलन्स करून घेतला, तेव्हा कुठे शांतता झाली. मिस्त्री "बसला ना भाऊ, झालं" म्हणाला तरी गेज लावल्याशिवाय बोल्ट आवळू देऊ नका.

आता वापर. पाचवा 65-70 च्या आत टाकू नका. इंजिन गुदमरतं, धक्के खातं, बेअरिंगवर भार येतो. चढ आला, समोरून जोराचा वारा आला की चौथा. आणि चिखलदऱ्याच्या घाटातून उतरताना पाचवा अजिबात नाही, कारण त्यात इंजिनचा ब्रेक जवळजवळ मिळतच नाही.

जुनी अमेरिकन ऑटोमॅटिक गाडी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जनरल मोटर्सचा 700आर4 हा 1982 चा बॉक्स, चौथ्या गिअरचं प्रमाण 0.70, त्यामुळे दोन गिअरच्या पॉवरग्लाइडच्या जागी लोक तो बसवतात. त्याची कार्ब्युरेटरला जोडलेली टीव्ही केबल नीट लावली नाही, तर आतला दाब कमी पडतो आणि क्लच जळतात. केबल आधी, चक्कर नंतर. शिवाय वेगळा ऑइल कूलर लावा, आपल्या उन्हात तो हवाच.

आता मुख्य मुद्दा. पाचवा गिअर लागल्यावर मी शिवमडक्यावरून समृद्धीला लागलो. 100 वर गाडी इतकी शांत, की वेग कळलाच नाही. पुढे एक ट्रक अचानक डावीकडून आला आणि मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली, पण एका बाजूला ओढत, अगदी ट्रकच्या मागे येऊन. तिला चारही चाकांना ड्रम. 80 वरून 100 वर गेलं की ब्रेकला जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. पूर्वी इंजिनचा आरडाओरडाच मला अडवत होता. तो पहारेकरी मीच काढून टाकला होता.

म्हणून माझा क्रम असा: आधी ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जॉइंट, मग गिअरबॉक्स. समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे, ती आजच्या गाड्यांसाठी समजा. माझा काटा आता 80-85 ला थांबतो, इंजिन 2500 च्या आसपास. गाणं ऐकू येतं, बायकोशी बोलता येतं.

शेवटचं, कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, म्हणून आरटीओत आधी विचारा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चासिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केला असेल तर अडचण. तेव्हा फ्लोअर कापायच्या आधी दहादा विचार करा, आणि जुना गिअरबॉक्स ग्रीस लावून, पोत्यात बांधून ठेवा. विकू नका. उद्या तुमच्या पोराला गाडी मूळ रूपात हवी असेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर सावकाश चालवा.