वीज प्रकल्पाच्या ईआयए अहवालाची उलटतपासणी

कोळशावर चालणाऱ्या वीज प्रकल्पाचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल, म्हणजेच ईआयए, तयार करणाऱ्या सल्लागार संस्थेला प्रकल्पवालाच नेमतो आणि तिचे बिलही तोच भरतो. संस्थेला ‘नाबेट’ या अधिस्वीकृती मंडळाची मान्यता असावी लागते, तरी हितसंबंधाचा हा पेच सुटत नाही. म्हणून अहवाल तपासणारे जाणकार निष्कर्षाचे प्रकरण शेवटी वाचतात. आधी आकडे एकमेकांशी जुळतात का, ते पाहतात.

भारतात ही प्रक्रिया १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार चालते. ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठा कोळसा प्रकल्प ‘अ’ वर्गात येतो आणि त्याचा प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे जातो. अभ्यास कशाकशाचा करायचा, याची कार्यकक्षा समिती ठरवून देते. त्यावरून मसुदा अहवाल, मग जनसुनावणी, तिच्यातल्या आक्षेपांना उत्तरे देणारा अंतिम अहवाल आणि शेवटी समितीची छाननी, असा क्रम असतो.

छाननीची सुरुवात कोळशाच्या हिशेबापासून करणे सोयीचे. नागपूरजवळच्या कोराडीत ६६० मेगावॅटच्या दोन वाढीव संचांचा प्रस्ताव मांडला गेला. त्याच आकाराचा, म्हणजे १,३२० मेगावॅटचा नमुना घेऊ. देशी कोळसा प्रत्येक युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम धरला, तर पूर्ण क्षमतेने तासाला सुमारे ८६० टन आणि दिवसाला २०,६०० टन कोळसा जळेल. राखेचे प्रमाण ३४ टक्के असेल तर रोज ७,००० टन राख निघेल. गंधक अर्धा टक्का असेल तर तासाला साडेआठ टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड तयार होईल. प्रकल्पाच्या वर्णनातला कोळसा, राखेच्या प्रकरणातली राख आणि हवेच्या प्रकरणातले उत्सर्जन या हिशेबात बसले पाहिजे. चांगल्या प्रतीचा कोळसा गृहीत धरून उत्सर्जन कमी दाखवायचे आणि करार मात्र जास्त राखेच्या कोळशाचा करायचा, ही विसंगती इथेच पकडली जाते.

पुढचा प्रश्न यंत्रणेचा. डिसेंबर २०१५ च्या मानकांनुसार नव्या संचांच्या धुरात दर घनमीटरला धूलिकण ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि सल्फर डायऑक्साइड १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतो. वरच्या नमुन्यात गंधकाची ही मर्यादा पाळायची तर जवळपास ९५ टक्के वायू धुरातून काढावा लागतो. त्यासाठी रोज सुमारे ३०० टन चुनखडी लागते आणि ५०० टनांच्या घरात जिप्सम तयार होतो. अहवालात गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा असेल, पण चुनखडी कुठून येणार, तिचे ट्रक कोणत्या रस्त्याने धावणार आणि जिप्सम कोण उचलणार हे नसेल, तर ती यंत्रणा कागदावरचीच समजावी. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने ही अट बऱ्याच प्रकल्पांसाठी सैल केली. मात्र दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्या प्रकल्पांना ती कायम आहे. त्यामुळे नकाशावरचे अंतर आता नीट मोजून पाहावे लागते.

त्यानंतर मूळ स्थितीच्या नोंदी येतात. साधारणपणे प्रकल्पाभोवतीच्या १० किलोमीटर परिघात, पावसाळा सोडून एका ऋतूत, हवा, पाणी, माती आणि आवाज मोजला जातो. इथे पाहायचे ते मोजणीच्या जागा. वाऱ्याच्या दिशादर्शक आकृतीत वारा वायव्येकडून येत असेल, तर आग्नेयेच्या गावांत केंद्रे हवीत. तारखाही पाहाव्या लागतात. विदर्भात हिवाळ्याच्या रात्री थंड हवा जमिनीलगत अडकून राहते आणि धूर खाली दबतो. फक्त उन्हाळ्यातली मोजणी घेतली, तर ही सगळ्यात वाईट वेळ निसटून जाते. नोंदी खरोखर त्याच जागेच्या आहेत का, हेही गृहीत धरता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीचा मजकूर उतरवलेला सापडला होता. आंध्र प्रदेशातल्या सोमपेटा इथे ज्या जमिनीला पडीक म्हटले होते, ती शेती आणि मासेमारीला पोसणारी पाणथळ जागा निघाली आणि २०१० मध्ये प्रकल्पाची मंजुरी रद्द झाली.

संगणकी प्रारूप धूर कुठे, किती उतरेल याचा अंदाज देते. त्याचा निकाल अनेकदा ‘वाढ किरकोळ’ असा असतो. पण ही वाढ आधीच्या पातळीत मिळवून वाचायची असते. पीएम १०, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांचे, २४ तासांचे मानक दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. गावात आधीच ९८ असेल, तर तीनची किरकोळ वाढही मर्यादा ओलांडते. शेजारच्या मंजूर, पण अजून सुरू न झालेल्या प्रकल्पांचा भार धरला आहे का, हाही प्रश्न त्याला जोडून येतो. कोराडीला लागून खापरखेड्याचे १,३४० मेगावॅटचे केंद्र आहे. दोन्हींचा धूर एकाच आकाशात जातो. तमिळनाडूतल्या कडलूरच्या प्रकल्पात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एकत्रित परिणामांचा अभ्यास करायला लावला, तो याच कारणासाठी.

पाणी आणि राख ही प्रकरणे एकत्र वाचावीत. नव्या संचांना मेगावॅट-तासामागे तीन घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. नमुन्यातल्या प्रकल्पासाठी ते दिवसाला साडेनऊ कोटी लिटर होते. हे पाणी उन्हाळ्यात कुठल्या धरणातून आणि कोणाच्या वाट्यातून येणार, याचे उत्तर जलसंपदा विभागाच्या पत्रात शोधावे लागते. राखेबाबत २०२१ च्या अधिसूचनेने पूर्ण वापराचे बंधन घातले असले, तरी सिमेंट आणि विटांचे कारखाने न उचलतील ती राख तलावातच जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतात पसरली. म्हणून बंधाऱ्याच्या अभिकल्पाइतकीच त्याच्या देखभालीची आणि फुटल्यास करायच्या उपायांची योजना तपासली जाते.

जनसुनावणीची नोटीस ३० दिवस आधी निघते. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. मराठीत मात्र अहवालाचा सारांशच मिळतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. छाननी करणारा इतिवृत्तातला प्रत्येक आक्षेप घेऊन अंतिम अहवालातले उत्तर शेजारी ठेवतो. ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ हे उत्तर धरले जात नाही. उत्तरात उपाय, खर्च, मुदत आणि जबाबदार अधिकारी असावा लागतो.

शेवटचे प्रकरण पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचे. मंजुरीतल्या अटी प्रामुख्याने त्यावरच बेतलेल्या असतात. प्रकल्पवाल्याला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. विस्ताराचा प्रस्ताव असेल, तर जुन्या संचांचे हे अहवाल आधी मागवावेत. आधीच्या अटी किती पाळल्या, यावरून नव्या आश्वासनांना किती वजन द्यायचे ते ठरवता येते. त्यानंतर समिती मंजुरीची, नकाराची किंवा अधिक माहिती मागवण्याची शिफारस करते.