सूक्ष्मतरंगांची चूल

चुलीवर ठेवलेले आधण उकळले, हे कोणास सांगावे लागत नाही. भांड्याच्या तळाशी बुडबुडे धरतात आणि पाणी खळखळू लागते. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मात्र ही खूण फसवी ठरू शकते. गुळगुळीत पेल्यातील स्वच्छ पाणी तेथे १०० अंश सेल्सिअसच्या वर तापूनही निश्चल राहते. बुडबुडा धरण्यास एखादा ओरखडा किंवा हवेचा अंश लागतो. शिवाय चुलीवर भांड्याचा तळ सर्वाधिक तापलेला असतो, तर येथे मुख्यतः पाणीच तापते. असा पेला बाहेर काढून त्यात साखर टाकली, की साठलेल्या उष्णतेने क्षणार्धात वाफ होते आणि कढत पाणी हातातोंडावर उसळते. म्हणून पाणी बेताचेच तापवावे, त्यात आधीच लाकडी चमचा ठेवावा आणि पेला काही वेळ आतच राहू द्यावा.

ही चूल रडारच्या संशोधनातून निघाली. १९४५ साली रेथिऑन या अमेरिकन कंपनीतील पर्सी स्पेन्सर मॅग्नेट्रॉन नलिकेजवळ उभे असता त्यांच्या खिशातील मिठाई वितळली, असे सांगतात. घरगुती ओव्हनमधील नलिका २,४५० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेचे, सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचे तरंग निर्माण करते. नलिका बंद होताच तरंग नाहीसे होतात. अन्न किरणोत्सारी होते ही समजूत निराधार आहे. दाराच्या जाळीची छिद्रे या तरंगांच्या मानाने इतकी बारीक असतात, की त्यांतून प्रकाश येतो, पण तरंग जवळजवळ अडून राहतात. अर्थात दार वाकले असेल किंवा नीट लागत नसेल, तर ओव्हन वापरू नये.

भिंतींवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांत मिसळल्यामुळे आतील उष्णता सर्वत्र सारखी नसते. बाटली हाताला कोमट लागते, पण आतील दूध बालकाची जीभ पोळण्याइतके तापलेले असू शकते! ते हलवून, मनगटावर थेंब टाकून पाहावे. शिळे अन्नही मधूनमधून ढवळावे. थंड राहिलेल्या भागातील जंतू मरत नाहीत. कवचासह अंडे व घट्ट झाकणाचा डबा वाफेने फुटतात, तर सोनेरी काठाच्या बशीवर ठिणग्या उडतात.

ओव्हन बिघडल्यास तो घरी उघडू नये. आतील विद्युत्‌धारित्र हजारो व्होल्टपर्यंत भारित होते आणि प्लग काढल्यानंतरही तो भार प्राणघातक ठरू शकतो.