डोकी मोजली, दुखणी कोण मोजणार?

धान निघालं की तिरोडा तालुक्यातली तरणी माणसं नागपूर, पुणे, हैदराबादकडे कामाला निघतात. वस्तीत उरतात म्हातारे, लेकुरवाळ्या बाया आणि शाळेतली मुलं.

२००१ मध्ये गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ७०७ होती. २०११ मध्ये ती १३ लाख २२ हजार ५०७ झाली. म्हणजे दहा वर्षांत साधारण १० टक्के वाढ. त्याच काळात महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला. मुलंही आता कमी होतात. २०१९-२१ मध्ये राज्यात एका बाईमागे सरासरी १.७ होती.

मग कोणी म्हणेल, माणसं फार वाढत नाहीत, तर दवाखान्यात जास्त कर्मचारी कशाला? नर्स म्हणून सांगते, हा हिशेब चुकीचा आहे.

सरकारी नियमानुसार मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. आदिवासी व डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० आहेत. हे सगळं डोकी मोजून ठरतं. पण धडधाकट तरुण वर्षातून एखाद्या वेळी तापासाठी येतो. बीपी-शुगरच्या म्हाताऱ्या माणसाला दर महिन्याला गोळी आणि तपासणी लागते. गरोदर बाईच्या किमान चार तपासण्या व्हाव्या लागतात. विदर्भात सिकलसेल आदिवासींसोबत आपल्या बौद्ध समाजातही आहे. त्या रुग्णाला रोजची औषधं, नियमित रक्त तपासणी आणि दुखणं उठलं की लगेच मदत लागते. तरुण बाहेर गेले तरी उपकेंद्राचं काम कमी होत नाही.

त्यात आरोग्य सेविकेची जागा रिक्त राहिली, की शेजारच्या उपकेंद्राच्या सेविकेकडे अतिरिक्त कार्यभार येतो. एकाच बाईला दोन उपकेंद्रांची गावं. लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो, तो ती कसाबसा पार पाडते. मागे पडते ती घरभेट. अंथरुणावरच्या आजीचा बीपी मोजायचा राहून जातो, आणि घरच्यांना कळतं ते लकवा मारल्यावर.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ मध्ये होणार आहे. जनगणनेत वयही लिहून घेतात. म्हणून आपली मागणी अशी हवी: पदं ठरवताना नुसती डोकी धरू नका, म्हातारे किती, गरोदर बाया किती, सिकलसेलचे रुग्ण किती, तेही धरा.

तोवर हातावर हात धरून बसायचं कारण नाही. ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा: आपल्या उपकेंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त जागा कधीपासून? उत्तर ठरावात लिहून घ्या. तोंडी उत्तरावर भागवू नका. उत्तर मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही माफ. ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे. गावच्या आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीत आपल्या वस्तीची एक तरी बाई आहे का, तेही पाहा.

आशाताई आणि सेविकेशी मात्र भांडू नका. जागा त्यांनी रिक्त ठेवलेल्या नाहीत. त्यांच्यासोबत बसा आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांची, गरोदर बायांची, सिकलसेल रुग्णांची यादी करा. ती यादी हातात असली, की ग्रामसभेत आपलं म्हणणं कोणी उडवून लावू शकणार नाही.