डोक्यावरचा डाग आणि मेणाची टोपी

सत्तरीतल्या माणसाच्या टकलावर जांभळट डाग दिसला की घरात पहिला अंदाज ठरलेला असतो : कुठंतरी आपटलं असेल. पण डाग जात नाही. उलट पसरतो, कधी त्यातून रक्त येतं. अशा डागामागचं एक दुर्मिळ कारण म्हणजे अँजिओसार्कोमा. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींचा हा कॅन्सर वयस्कर माणसांच्या डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या त्वचेत विशेष आढळतो.

डोळ्यांना डागाची कड दिसते, तिच्या बऱ्याच पलीकडे हा कॅन्सर त्वचेतल्या त्वचेत पसरलेला असतो. सर्जननं ऐसपैस कापलं, तरी पेशी मागे राहू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या जोडीला, किंवा ती शक्यच नसेल तर तिच्याऐवजी, रेडिएशन देतात; अनेकदा डोक्याच्या सबंध त्वचेला.

खरी अडचण पुढेच आहे. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर या रेडिएशनच्या यंत्रातून येणाऱ्या 6 मेगाव्होल्टच्या क्ष-किरणांचा सर्वाधिक मारा त्वचेवर होत नाही, सुमारे दीड सेंटिमीटर आत होतो. पोटातल्या गाठीसाठी हे वरदानच, वरची त्वचा वाचते. इथं मात्र रोग त्वचेतच आहे, आणि खाली पातळ कवटीआड मेंदू. त्यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. शरीराच्या ऊतींइतक्याच घनतेचा मेणाचा किंवा जेलचा थर टोपीसारखा डोक्यावर बसवायचा. त्याला ‘बोलस’ म्हणतात. मारा वाढत जाण्याचा टप्पा या थरातच उरकतो आणि त्वचेला पुरेशी मात्रा मिळते. टोपीखाली हवेची फट राहिली, तर तेवढ्या जागी मात्रा घटते. म्हणून टोपी चापून बसावी लागते. डोकं रोज त्याच जागी राहावं यासाठी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून साचा घेतात.

क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉन वापरले, तर त्यांचे झोत थोड्याच खोलीवर थांबतात, पण गोल डोक्यावर ते तुकड्या-तुकड्यांनी द्यावे लागतात आणि सांध्यांवर मात्रा कमीजास्त होते. टोमोथेरपीसारख्या यंत्रात क्ष-किरणांचे झोत डोक्याभोवती फिरत त्वचेला घासून जातात, त्यामुळे सांधे उरत नाहीत आणि मेंदूला मिळणारा डोसही आटोक्यात ठेवता येतो.

एकूण मात्रा साधारण 50 ते 60 ग्रे (रेडिएशन मोजण्याचं एकक). आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे. त्वचा लाल होते, सोलते, केस बहुधा परत येत नाहीत. इतकं करूनही हा कॅन्सर उलटू शकतो. डाग पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असताना सापडला, तर आशा अधिक. तेव्हा घरातल्या आजी-आजोबांच्या डोक्यावरचा डाग तीन-चार आठवड्यांत गेला नाही, तर मलमं बदलत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी बायोप्सी सांगितली तर ती पुढे ढकलू नका.