ड्रॅग रेसमध्ये झटका बसला? ‘मला काही झालं नाही’ यावर विसंबू नका

लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर हौशी चालकांच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. रस्त्यावरची दमदार गाडी ४०२ मीटरमध्ये ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

इजा कशी होते?
सीटबेल्ट छाती धरून ठेवतो, डोके मात्र जोराने झटकते. मानेचे स्नायू ताणले जातात, मेंदू कवटीत हादरतो. डोके कुठेही न आपटता हे घडू शकते. मानदुखी कधीकधी दुसऱ्या दिवशी सुरू होते.

अपघातानंतर काय करावे?
• मान दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर आगीसारखा धोका नसताना चालकाला हलवू नका. हेल्मेट ओढू नका. १०८ ला फोन करा.
• पहिले २४ तास त्याला एकटे सोडू नका.
• उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, अडखळते बोलणे, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा दिसल्यास लगेच रुग्णालयात न्या.
• रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास त्रास नसला तरी तपासणी करून घ्या.

मेंदूला हादरा बसला असेल, तर लक्षणे पूर्ण जाऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत पुन्हा शर्यतीत उतरू नका.