आपण कोणत्या पायरीवर?

कापड मोजायला गज आहे, सुताला काउंट आहे. पण गरिबी-श्रीमंतीची दरी लोकांना केवढी वाटते, ते कशाने मोजावे? व्यापारी बांधवांना हा रिकामटेकडा प्रश्न वाटेल. आम्हालाही वाटत होता.

यासाठी दहा पायऱ्यांच्या शिडीची एक रीत आहे. वर सर्वात सुखवस्तू, तळाशी सर्वात गरजू. तुम्ही कोठे, एवढेच विचारायचे. मागे एका शुक्रवारी, मालेगावात माग बंद असताना, आम्ही वहीच्या मागच्या पानावर शिडी काढून पेढीवर आलेल्यांना विचारले. गाठी वाहणाऱ्या हमालभाईंनी पाचव्या पायरीवर बोट ठेवले. चोवीस मागांच्या मालकांनीही पाचवीच दाखवली. त्यांची मोटार दाराशी उभी होती! आम्हीही मनात पाचवीच धरली होती.

अर्जेंटिनात ब्युनोस आयर्स परिसरात २००९ मध्ये सुमारे १,१०० कुटुंबांना विचारले गेले, की तुमच्यापेक्षा कमी उत्पन्नाची कुटुंबे देशात किती असतील? पुष्कळ गरिबांनी स्वतःला होते त्याहून वर धरले, पुष्कळ सधनांनी खाली. माणूस शेजारी आणि सोबती पाहून हिशेब करतो. हमाल हमालांत बसतो. आम्ही सुरतेच्या बड्या व्यापाऱ्यांकडे पाहून स्वतःला लहान समजतो. खरा क्रम सांगितल्यावर मात्र, ज्यांनी स्वतःला वर धरले होते, त्यांचा गरिबांना मदत देण्यास पाठिंबा वाढला.

अमेरिकेत २००५ मध्ये साडेपाच हजार लोकांना विचारले, की वरच्या २० टक्क्यांकडे देशाची किती संपत्ती आहे? सरासरी उत्तर ५९ टक्के आले. प्रत्यक्षात ती सुमारे ८४ टक्के होती. नॉर्टन व एरिअली यांनी २०११ मध्ये हे छापले आणि ते गाजले. पण २०१२ मध्ये एरिकसन व सिम्पसन यांनी टक्के सोडून प्रत्येक गटातील कुटुंबाची सरासरी मालमत्ता विचारली, तेव्हा लोकांच्या उत्तरांतली दरी बरीच रुंद निघाली. गज बदलला की माप बदलते, हे कापडवाल्याला कोणी सांगायला नको.

गेल्या वर्षी हमालीच्या बोलणीत आम्हीच म्हणालो होतो, "आपण सगळे मध्यमच माणसे." आणि मागितलेली वाढ निम्म्यावर आणली होती. या वेळी शिडी बाजूला ठेवून हमालभाईंना महिन्याचा खर्च विचारला. भाडे, किराणा, मुलांची फी, आईचे औषध. बेरीज मजुरीच्या पुढे गेली. दर पुन्हा बोलायला येत्या शनिवारी बसायचे ठरले आहे.