गाडीचं म्हणणं ऐकताना

कवीनं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. मी बी.ए. झालो तो साहित्य घेऊन. पण माझ्या नात्यातली निम्मी माणसं गॅरेजच्या धंद्यातली. घरात दखनी, शाळेत मराठी आणि गॅरेजात या दोन्हींची मिसळ, अशा तीन बोलींत मी वाढलो. त्या गॅरेजात एक गोष्ट पुन:पुन्हा पाहायला मिळाली. गाडीचा मालक दारात उभा राहतो आणि शब्द शोधू लागतो. ‘घरघर होते’, ‘नाही, खडखड होते’, ‘म्हणजे कसं, कुंई असं काहीतरी वाजतं’. व्याकरणात आपण यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतो. गॅरेजमध्ये त्यांना रुपयांत किंमत असते. शब्द बरोबर सांगितला तर काम थोडक्यात भागतं, नाही तर नको तो भाग उघडला जातो.

इंजिन आणि गिअरबॉक्स हे गाडीतले सर्वांत खर्चिक अवयव. बहुतेक वेळा बिघडण्याआधी ते सूचना देतात. आवाजाने, वासाने, धुराने किंवा थरथरीने. ती सूचना ओळखायची असेल, तर आत काय चालतं याची जुजबी ओळख हवी.

इंजिनाला एक मर्यादा आहे. त्याची ताकद ठरावीक फेऱ्यांमध्येच निघते. फार हळू फिरलं तर ते बंद पडतं, फार जोरात फिरवलं तर झिजतं. गाडीला मात्र कधी मुंगीच्या पावलांनी घाट चढायचा असतो, तर कधी द्रुतगती मार्गावर पळायचं असतं. हा मेळ घालतो तो गिअरबॉक्स. गिअरची सायकल चालवलेल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. चढावर हलका गिअर लावला की पाय भराभर फिरतात, चाक हळू फिरतं, पण चढ सर होतो. पहिला गिअर म्हणजे जोर जास्त, वेग कमी. पाचवा म्हणजे त्याच्या उलट. आणि गिअर बदलताना इंजिनाचा हात क्षणभर सोडवून पुन्हा धरून देणारी वस्तू म्हणजे क्लच.

पहिली तक्रार बहुधा क्लचचीच असते. ‘इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे सरकत नाही’, हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! त्याच्या जोडीला करपल्यासारखा वास. याचा अर्थ क्लचप्लेट झिजली आहे आणि ती घसरते आहे. ही झीज बरीचशी सवयीतून येते. डावा पाय विनाकारण क्लचवर टेकवून ठेवायचा, किंवा कात्रज, खंबाटकीसारख्या चढावर गाड्यांची रांग लागली की हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची. प्रत्येक मिनिटाला प्लेट घासली जाते.

यातच एक प्रसंग सांगतो. माझी भाभी शाळेत शिक्षिका आहे. स्वत:ची छोटी गाडी स्वत: चालवते. एकदा गाडीतून बारीक आवाज येऊ लागला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तिनं गाडी नेली. काउंटरवरचा माणूस तिच्याशी बोलेना. तो बोलत होता माझ्या भावाशी, ज्याला गाडी चालवताच येत नाही! ‘गिअरबॉक्स उघडून बघावा लागेल’, असं सांगून त्यानं चाळीस हजारांचा अंदाज दिला. भाभी गाडी घेऊन परत आली आणि आमच्या जुन्या उस्तादांकडे गेली. उस्तादांनी बॉनेटला हात लावला नाही. आधी विचारलं, ‘‘आपा, ये आवाज गाडी गरम होने पे आता, क्या ठंडे पे भी?’’ भाभी म्हणाली, ‘‘गरम-थंडचा संबंध नाही. क्लच दाबला की कुंई होतं, सोडला की थांबतं.’’ उस्ताद हसले. ‘‘फिर बॉक्स कायकू खोलना?’’

त्यांचं म्हणणं असं. क्लच दाबल्यावर आवाज येत असेल, तर दोष बहुतेक रिलीज बेअरिंगचा. उलट, गाडी न्यूट्रलवर उभी असताना गुंई असा आवाज येतो आणि क्लच दाबला की तो थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर. आवाज फक्त एकाच गिअरमध्ये येत असेल, तर त्या गिअरच्या दात्यांवर. गिअर टाकताना करकर होत असेल, तर एक तर क्लच पूर्ण सुटत नाही, किंवा आतले सिंक्रोनायझर झिजलेत. भाभीच्या गाडीचा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागला, पण उघडावा लागला नाही. क्लचचा संच आणि बेअरिंग बदललं, सात हजारांत काम झालं. भाभीनं पहिल्या ठिकाणीही नेमकं हेच वाक्य सांगितलं होतं. ऐकणारा नव्हता, एवढंच.

आता इंजिनाकडे वळू. इंजिनाचा खरा शत्रू उष्णता. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर यांच्या काळात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचं दृश्य होतं. कडेला माणसं पाण्याचे डबे घेऊन फिरत. त्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवरच चाले. घाटात वेग कमी, वारा कमी आणि श्रम मात्र जास्त. मग रेडिएटर उकळायचा. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली ती पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतूनही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून लोकांच्या सवयी बदलल्या. गाडी तापणं ही रोजची बाब उरली नाही. पण त्यामुळेच एक नवा धोका आला. गाडी आता तापतच नाही, असं धरून आपण तापमानाच्या काट्याकडे बघायचं सोडलं.

आजच्या गाडीत कूलंट दाबाखाली फिरतं. दाबामुळे ते शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर येतं. कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं, तर आत गंज आणि क्षार साचतात. मग वाट बुजते, गाडी तापते आणि इंजिनाचं अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट फुटलं की पाणी तेलात मिसळतं. ऑइलचं झाकण काढलं आणि आत दुधाळ चहासारखा रंग दिसला, तर समजावं की हेड उतरवायची वेळ आली. काटा वर चढताना दिसला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा. उन्हाळ्यात हा सल्ला वेड्यासारखा वाटतो, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो. मग सुरक्षित जागा बघून थांबावं आणि गाडी थंड होऊ द्यावी.

धुराचीही एक भाषा आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पिस्टन रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं झिजलीत. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. पांढरा, दाट, न थांबणारा धूर म्हणजे पेट्रोल गाडीत बहुधा पाणी आत जातंय. थंडीत सकाळी पहिली दोन मिनिटं निघणारी वाफ यात धरू नये. आणि ऑइलचा लाल दिवा! ‘पुढच्या पंपावर बघू’ असं म्हणून माणसं दहा किलोमीटर जातात. तो दिवा सांगतो की ऑइलचा दाब गेला. त्या क्षणापासून आतलं धातूवर धातू घासतं. गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, दुसरा उपाय नाही.

सूचना न देणारे दुखणे दोनच. एक टायमिंग बेल्टचं. ज्या गाड्यांत साखळीऐवजी रबरी पट्टा असतो, तिथे तो तुटण्याआधी बहुधा ओरडत नाही. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला तो बदलणं हाच उपाय. जुनी गाडी घेताना ‘बेल्ट कधी बदलला?’ हा प्रश्न रंगाआधी विचारावा.

दुसरं दुखणं पाण्याचं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी माणसं गेली, घरं गेली; त्या दु:खापुढे गाड्यांचं काय! पण त्या पावसानं गाडीवाल्यांना एक धडा दिला, तो सांगायला हवा. इंजिन हवा आत घेतं आणि ती साधारण दहाव्या हिश्शापर्यंत दाबतं. हवा दबते, पाणी दबत नाही. हवेच्या वाटेनं पाणी आत गेलं आणि पिस्टन वर आला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली, तर बरेचदा तोवर नुकसान थोडंच झालेलं असतं. नंतर माणूस घाबरून चावी फिरवतो, पुन्हा फिरवतो, आणि तिथं इंजिन मोडतं. शिवाय साध्या विम्यात असं नुकसान नाकारलं जाण्याची शक्यता मोठी; त्यासाठी इंजिन संरक्षणाचं जोड कवच वेगळं घ्यावं लागतं. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करू नये. टोचन करून न्यावी.

आता ऑटोमॅटिकचा जमाना आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी हा स्वस्त प्रकार आपल्याकडे आला आणि डाव्या पायाला विश्रांती मिळाली. पण यात क्लच असतोच. फक्त तो आपण न दाबता यंत्र दाबतं. गिअर बदलताना बसणारा हलका झोका हा त्याचा स्वभाव आहे, आजार नव्हे. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, तर क्लचप्लेट मात्र पूर्वीसारखीच जळते.

काही वेळा दोष सवयीत नसतो, रचनेतच असतो. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांमधल्या पॉवरशिफ्ट नावाच्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सबद्दल मालक तक्रारी करत होते. गाडी थरथरते, दचकते, असं ते सांगत. काहींना उत्तर मिळालं की हा तुमच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. प्रकरण ग्राहक आयोगानं न्यायालयात नेलं. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं तक्रारी हाताळण्याच्या या पद्धतीसाठी कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. हजारो मैलांवरच्या त्या गाडीवाल्यांची आणि माझ्या भाभीची तक्रार सारखीच होती. आम्ही सांगतोय ते खरं आहे, आधी ऐका तरी!

आपल्याकडेही वाटा आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. पण या साऱ्याला कागद लागतो. म्हणून वर्कशॉपच्या जॉब कार्डावर ‘आवाज येतो’ एवढंच लिहू देऊ नका. आवाज कसा, गाडी थंड असताना की तापल्यावर, कोणत्या गिअरला, किती वेगाला, चढावर की सपाटीवर, क्लच दाबल्यावर की सोडल्यावर, हे तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारा. त्याच्या कानांना ऐकू द्या.

आणि शब्द शोधताना लाजू नका. घरघर, खडखड, करकर, टकटक यांत फरक आहे, आणि तो आपल्या भाषेला ठाऊक आहे. चांगला मिस्त्री त्या फरकावरूनच पाना उचलतो. तुमची गाडी चालवणारे तुम्ही आहात; रोजच्या आवाजातला बदल सर्वांत आधी तुमच्याच कानाला कळणार. तो कळला त्याच दिवशी सांगा.